जखम बहुतेक वेळा चिघळत का नाही?

गळू, केसतूड आणि चिघळलेल्या जखमा यांत सर्वाधिक वेळा सापडणारा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. १९५७ साली इंग्लंडमध्ये इलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत हे जिवंत जिवाणू मोजून टोचले आणि पू होण्यासाठी त्यांची किती संख्या लागते ते पाहिले. असा प्रयोग आज सहजासहजी मान्य होणार नाही, पण त्यातून निघालेले उत्तर अजूनही विचारात पाडणारे आहे. निरोगी माणसाच्या त्वचेत पुवाची एक फुटकुळी उठवण्यासाठी दहा लाखांहून अधिक जिवाणू सोडावे लागले. तेच जिवाणू टाक्याच्या रेशमी धाग्याला लावून आत नेले, तेव्हा मात्र शंभरेक जिवाणू पुरेसे ठरले.

दाढी करताना लागलेले पाते, काट्याने ओढलेली रेघ, खाजवून सोललेली जागा अशा बारीकसारीक जखमांमधून प्रत्येकाच्या त्वचेत जिवाणू वारंवार शिरत असतात, आणि तरीही त्यांपैकी फारच थोड्या जखमांमध्ये पू होतो. संसर्ग का झाला, हा प्रश्न दवाखान्यात रोज विचारला जातो. तो इतर असंख्य वेळा का झाला नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि त्वचेची प्रतिकारव्यवस्था समजून घ्यायची असेल तर तोच अधिक उपयोगी आहे. त्वचेला भिंतीची उपमा देण्याची आपल्याला सवय आहे. ती अर्धीच खरी आहे, कारण तडा गेल्याचे भिंतीला कळत नाही. त्वचेला ते कळते, आणि तड्याच्या काठावरच्या पेशी थोड्याच वेळात आपले वागणे बदलतात.

मेलेल्या पेशींचा थर

त्वचेचे दोन मुख्य भाग असतात. वरची पातळ बाह्यत्वचा आणि तिच्याखालची जाड अंतस्त्वचा, जिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात. बाह्यत्वचेतील बहुसंख्य पेशींना केराटिनोसाइट म्हणतात. त्या सर्वांत खालच्या थरात जन्मतात आणि हळूहळू वर ढकलल्या जातात. वाटेत त्या केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जातात, आपले केंद्रक गमावतात, चपट्या होतात आणि मरतात. जन्मापासून गळून पडेपर्यंत या प्रवासाला साधारणपणे चार आठवडे लागतात. अशा मृत, चपट्या पेशींचे पंधरा ते वीस पदर एकावर एक बसून जो सर्वांत वरचा थर बनतो त्याला शृंगी थर म्हणतात. तळहात आणि तळपाय सोडले तर त्याची जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढीच असते. पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात.

हा थर जिवाणूंना तीन प्रकारे जड जातो. एक तर त्यातून आरपार जाण्याएवढी फट त्यांना मिळत नाही. दुसरे म्हणजे तो कोरडा असतो, आणि पाणी नसले की बहुतेक जिवाणूंची वाढ मंदावते. काख, जांघ आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या अशा ओलसर जागी जिवाणूंची संख्या कितीतरी पटींनी अधिक असते, त्याचे मुख्य कारण हेच. तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हा थर सतत झडत असतो, आणि त्याला चिकटलेला जिवाणू त्याच्याबरोबर खाली पडतो. ज्या जमिनीवर मुक्काम टाकायचा ती जमीनच रोज थोडी थोडी उडून जात असेल, तर तिथे वस्ती करणे अवघडच.

या व्यवस्थेतील उणीव केसांच्या मुळाशी आहे. प्रत्येक केस त्वचेत खोलवर गेलेल्या एका नळीतून उगवतो, आणि त्या नळीच्या तळाशी शृंगी थर जवळजवळ नसतो. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर असते असे आपण वाचत आलो आहोत. २०१७ साली रिचर्ड गॅलो या त्वचारोगतज्ज्ञाने दाखवून दिले की केसांच्या नळ्या आणि घामाच्या नलिका यांच्या आतल्या भिंती हिशेबात धरल्या, तर हा आकडा सुमारे पंचवीस चौरस मीटरपर्यंत जातो. म्हणजे ज्या पृष्ठभागावर त्वचेला जिवाणूंशी व्यवहार करावा लागतो, त्याचा मोठा भाग आरशात दिसतच नाही. केसतूड केसाच्या मुळाशी का होते आणि काखमांजरी काखेतच का उठते, याचे उत्तर या अदृश्य नळ्यांमध्ये आहे.

आंबटपणाचा उपयोग

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच; हा आकडा जितका लहान तितकी आम्लता अधिक) साधारणपणे ४.५ ते ५.५ भरतो, तर रक्ताचा सामू ७.४ असतो. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी या गुणधर्माला ‘आम्ल आवरण’ असे नाव दिले. ते आवरण एका कारखान्यात तयार होत नाही. घामातून लॅक्टिक आम्ल येते. तैलग्रंथींमधून पाझरणारा तेलकट स्राव जिवाणूंच्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) तुटून त्यातून मेदाम्ले सुटतात. शृंगी थरात फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन त्यांतूनही आम्ले तयार होतात, आणि हेच तुकडे त्वचेत ओलावा धरून ठेवतात.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसला उदासीन सामू मानवतो, त्यामुळे आम्लधर्मी पृष्ठभागावर त्याची वाढ मंदावते. मात्र आम्लतेचे महत्त्व तेवढ्यावर संपत नाही. फटी लिंपणारे सेरामाइड ज्या विकरांमुळे तयार होते, त्यांना आम्लता लागते. उलट पेशींना एकमेकींपासून सोडवणारे विकर सामू वर गेला की अधिक जोराने काम करू लागतात. त्यामुळे आम्लता कमी झाली की लिंपण कमी होते आणि झड वाढते, असा दुहेरी तोटा होतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे लहान मुलांमध्ये विशेष आढळणारा अ‍ॅटोपिक प्रकारचा इसब. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की फिलॅग्रिनच्या जनुकातील दोष हा या विकाराचा प्रबळ आनुवंशिक धोका आहे. तोवर इसब हा मुख्यतः रोगप्रतिकारशक्तीच्या अतिरेकाचा विकार समजला जात असे. या शोधाने लक्ष पुन्हा वरच्या थराकडे वळवले: कवच सैल असेल, तर आतल्या व्यवस्थेला सतत चिथावणी मिळत राहते. अशा त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस मोठ्या प्रमाणात वस्ती करतो, हेही या विकाराचे नेहमीचे लक्षण आहे.

नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, आणि साबणाने धुतल्यावर त्वचेचा सामू पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात. यावरून साबण वाईट, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हात साबणाने धुणे ही संसर्ग टाळण्याची सर्वांत स्वस्त आणि सिद्ध झालेली रीत आहे, आणि तिला पर्याय शोधण्याचे कारण नाही. सर्वांग रोज अनेकदा घासून काढणे ही वेगळी गोष्ट आहे; आधीच कोरडी किंवा इसब असलेली त्वचा त्याने अधिक उघडी पडते. नवजात बालकाच्या त्वचेचा सामू जन्मतः उदासीनच्या जवळ असतो आणि पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत तो उतरतो. जन्मतः बाळाच्या अंगावर असलेल्या पांढरट चिकट लेपातही जिवाणूंना मारणारे पदार्थ आढळले आहेत. बाळाची पहिली अंघोळ जन्मानंतर चोवीस तास लांबवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तिचा मुख्य हेतू बाळाला थंडीपासून जपणे हा असला, तरी हा लेप टिकून राहणे हाही त्याचा एक लाभ आहे.

बेडकाची जखम आणि सोरायसिसचे खवले

त्वचा जिवाणूंना मारणारी रसायने स्वतः तयार करते, ही कल्पना आज साधी वाटते, पण ती रुजायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. तिची सुरुवात एका बेडकाच्या टाकीत झाली असे म्हणता येईल. अमेरिकेतील मायकेल झॅस्लॉफ हे संशोधक बेडकांच्या मादींवर शस्त्रक्रिया करून त्यांची अंडाशये काढत, जखम शिवत आणि बेडूक पुन्हा टाकीत सोडत. त्या टाकीचे पाणी जिवाणूंनी भरलेले होते, जखमांना प्रतिजैविक लावलेले नव्हते, आणि तरीही जखमा स्वच्छ भरून येत. असे का होते, याचा शोध घेताना त्यांनी बेडकाच्या कातडीतून लहान प्रथिनांसारखे दोन रेणू वेगळे केले आणि १९८७ साली ते जाहीर केले. त्यांना ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून ‘मॅगेनिन’ हे नाव मिळाले. कीटकांमध्ये असे रेणू हान्स बोमन या संशोधकांना आधीच सापडले होते. मॅगेनिनमुळे ते पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या कातडीतही असतात हे दिसले. त्यांना प्रतिजैविक पेप्टाइड असे म्हणतात.

माणसाच्या त्वचेतील शोधामागचे निरीक्षण तर त्याहून सुंदर आहे. सोरायसिसमध्ये त्वचेवर लालसर, खवले सुटणारे चट्टे उठतात. इसबाप्रमाणे येथेही त्वचेची घडी बिघडलेली असते, मग संसर्गही तितकाच व्हायला हवा. परंतु इसबाची जागा वारंवार चिघळते आणि सोरायसिसची क्वचितच. जर्मनीतील कील येथील श्रोडर आणि हार्डर यांनी हाच धागा पकडला, सोरायसिसच्या रुग्णांचे गळून पडलेले खवले गोळा केले आणि त्यांतून १९९७ साली बीटा डिफेन्सिन-२ हा रेणू वेगळा केला. केराटिनोसाइट पेशी तो एरवी फारसा बनवत नाहीत. जिवाणूंचा स्पर्श झाला किंवा दाह सुरू झाला की त्याचे उत्पादन एकदम वाढते. टाकाऊ म्हणून झाडून टाकल्या जाणाऱ्या खवल्यांमध्ये औषधशास्त्राचा असा ठेवा निघावा, ही विज्ञानातली माझी एक आवडती घटना आहे.

त्यानंतर अशा रेणूंची रांगच लागली. २००१ साली घामात डर्मसिडिन सापडले. ते कोणत्याही चिथावणीची वाट न पाहता घामाबरोबर पाझरत राहते. २००५ साली कील येथीलच गटाने आणखी एका जुन्या कोड्याचे उत्तर दिले. आपल्या आतड्यांमध्ये ई. कोलाय हा जिवाणू अब्जावधींच्या संख्येने असतो आणि तो हाताला लागणे मुळीच दुर्मीळ नाही. मग तो त्वचेवर वस्ती का करत नाही? त्याचे एक मोठे कारण म्हणजे सोरायसिन हे प्रथिन, जे त्वचेच्या पृष्ठभागावर सतत असते, जस्त पकडून ठेवते आणि विशेषतः ई. कोलायला मारते.

ही पेप्टाइडे जिवाणू आणि आपली पेशी यांतला फरक कसा ओळखतात? उत्तर विद्युतभारात आहे. यांतील बहुतेक पेप्टाइडांवर धन भार असतो. जिवाणूंच्या बाह्य पृष्ठभागावर ऋण भार असतो, तर आपल्या पेशींच्या पटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची, बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित असते आणि त्यात कोलेस्टेरॉलही असते. त्यामुळे पेप्टाइड जिवाणूकडे ओढले जाते, त्याच्या पटलात घुसते आणि ते फाडते किंवा विस्कळीत करते. नेहमीची प्रतिजैविके जिवाणूच्या एखाद्या नेमक्या यंत्रणेवर घाव घालतात, आणि तेवढी यंत्रणा बदलली की जिवाणू सुटतो. इथे मात्र सुटण्यासाठी त्याला आपले अख्खे पटल बदलावे लागते.

ते अशक्य मात्र नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या पृष्ठभागाला धन भाराचे रेणू जोडून ओढ कमी करतो, आणि पेप्टाइडांचे तुकडे करणारे विकरही सोडतो. ज्या सोनेरी रंगावरून त्याला ऑरियस हे नाव मिळाले, तो रंगदेखील शोभेचा नाही. पांढऱ्या पेशी ज्या दाहक रसायनांचा मारा करतात, त्यांचा जोर तो रंग सोसून घेतो. सुमारे तीन माणसांपैकी एकाच्या नाकात हा जिवाणू काहीही त्रास न देता राहत असतो. इतक्या काळाच्या शेजारातून त्याने आपल्या प्रत्येक शस्त्राला काही ना काही उत्तर शोधून ठेवले आहे.

पेप्टाइडे अधिक म्हणजे संरक्षण अधिक, असेही समजू नये. एलएल-३७ नावाचे पेप्टाइड निष्क्रिय, लांब रूपात साठवलेले असते आणि गरज पडल्यावर कापून मोकळे केले जाते. ते जिवाणूंना मारते, तसेच रक्तवाहिन्यांना आणि पांढऱ्या पेशींना इशारेही देते. चेहऱ्यावर लाली आणि पुरळ आणणाऱ्या रोझेशिया या विकारात हेच पेप्टाइड प्रमाणाबाहेर आणि चुकीच्या तुकड्यांत आढळते. संरक्षणाची प्रत्येक पायरी कुठे थांबायचे हेही ठरवत असते, आणि ते गणित चुकले की संसर्ग नसतानाही त्वचा आजारी पडते.

जुने रहिवासी

त्वचेवर जिवाणू नसणे ही निरोगी अवस्था नव्हे. जागेनुसार एका चौरस सेंटिमीटरवर काही हजारांपासून दहा लाखांपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक जिवाणू असतात. त्यांपैकी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा प्रमुख. हे रहिवासी जागा आणि अन्न आधीच व्यापून बसल्यामुळे नवागताला पाय ठेवायला वाव कमी उरतो, एवढेच पूर्वी मानले जाई. आता त्याहून पुढचे दिसले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या त्वचेवरील अशा निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकसच्या काही जाती स्वतःची पेप्टाइडे बनवून स्टॅफिलोकॉकस ऑरियसला मारतात असे आढळले. अ‍ॅटोपिक इसबाच्या रुग्णांत नेमक्या याच जाती कमी होत्या. २०१२ सालच्या उंदरांवरील प्रयोगात, जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या प्राण्यांच्या त्वचेतील टी-पेशी (रोगजंतू ओळखणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नीट काम करत नव्हत्या, आणि त्वचेवर केवळ एपिडर्मिडिस सोडल्यावर त्या काम करू लागल्या. पहारेकऱ्यांना तालीम देण्याचे काम हे रहिवासी करतात, असा त्याचा अर्थ.

‘चांगले जिवाणू’ हा शब्दप्रयोग मात्र मला फसवा वाटतो. हाच एपिडर्मिडिस शिरेत ठेवलेल्या नळीवर किंवा बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर पोहोचला की चिकट थर करून राहतो आणि रुग्णालयांना जेरीस आणतो. जिवाणूचा स्वभाव जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची जागा.

त्वचा फाटल्यावर

कवच फाटले की सर्वांत आधी बोलतात त्या काठावरच्या केराटिनोसाइट. त्यांच्या आत इंटरल्यूकिन-१ अल्फा हा संदेशवाहक आधीच तयार करून ठेवलेला असतो. पेशी फुटली की तो आपोआप बाहेर सांडतो, आणि म्हणून हा इशारा देण्यासाठी वेगळी तयारी लागत नाही. शेजारच्या जिवंत पेशींच्या पटलावर टोल-सदृश ग्राहके असतात. जिवाणूंच्या भिंतीतील किंवा शेपटीतील जे घटक आपल्या शरीरात कधीच नसतात, नेमके तेच ती ओळखतात. या ओळखीची व्यवस्था फळमाशीमध्ये आणि उंदरामध्ये उलगडून दाखवल्याबद्दल झूल हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

इशारे खालच्या थरात पोहोचताच रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंती सैल होतात. लाली, उष्णता, सूज आणि वेदना या चार खुणा रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवल्या होत्या. पहिल्या दोन वाढलेल्या रक्तप्रवाहामुळे येतात आणि तिसरी वाहिन्यांतून झिरपलेल्या द्रवामुळे. चौथीबद्दलची समजूत अलीकडे बदलली आहे. ठणका हा दाहाचा परिणाम असतो असे मानले जात होते. २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले की स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे काही रेणू वेदनेच्या मज्जातंतूंना थेट चेतवतात, आणि चेतलेले मज्जातंतू पांढऱ्या पेशींची गर्दी वाढवण्याऐवजी तिला काहीसा आवर घालतात.

सैल झालेल्या वाहिन्यांमधून काही तासांतच न्यूट्रोफिल बाहेर पडतात. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच असतात. अस्थिमज्जा त्या रोज सुमारे दहा हजार कोटी बनवते, आणि यातील बहुतेक पेशी दिवसभरातच संपतात. न्यूट्रोफिल जिवाणूला गिळतो आणि पोटातल्या पिशवीत त्याच्यावर तीव्र ऑक्सिडीकारक रसायने सोडतो. काही न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जिवाणूंना त्यात अडकवतात. ही रीत २००४ साली प्रथम वर्णिली गेली. पू म्हणजे मुख्यतः अशा मेलेल्या न्यूट्रोफिलांचा, मेलेल्या ऊतींचा आणि जिवाणूंचा लगदा. त्याच्याकडे घाण म्हणून पाहणे स्वाभाविक असले, तरी त्याचा मोठा हिस्सा आपल्याच बाजूच्या मृतांचा असतो. मदतीला येणाऱ्यांत एक अनपेक्षित नावही आहे: त्वचेच्या तळाच्या चरबीच्या पेशी. स्टॅफिलोकॉकसचा शिरकाव झाल्यावर त्या वेगाने वाढतात आणि प्रतिजैविक पेप्टाइड बनवतात, असे २०१५ साली उंदरांत दिसून आले.

यांपैकी कोणता दुवा किती महत्त्वाचा, हे दुर्मीळ जन्मजात विकारांवरून कळते. एका विकारात न्यूट्रोफिल जखमेपर्यंत वेळेवर पोहोचतात, जिवाणूंना गिळतातही, पण मारक ऑक्सिडीकारके बनवू शकत नाहीत. अशा मुलांना वारंवार गळवे होतात. जॉब सिंड्रोम या दुसऱ्या विकारात इंटरल्यूकिन-१७ सोडणाऱ्या टी-पेशी जवळजवळ नसतात, आणि त्वचेला पेप्टाइडे बनवण्याचा हुकूम याच संदेशवाहकाकडून मिळत असतो. या रुग्णांना होणारी मोठी गळवे अनेकदा थंड असतात, म्हणजे त्यांत पू असतो, पण लाली आणि उष्णता नसते. दाह ही केवळ पीडा नसून मदत येत असल्याची खूण आहे, हे त्यावरून पटते.

आता रेशमी धाग्याचे कोडे सुटते. धाग्याच्या तंतूंमधल्या फटींत जिवाणू शिरतात, पण न्यूट्रोफिल शिरू शकत नाहीत, आणि तिथे रक्त तर पोहोचतच नाही. धाग्याच्या आडोशाने शंभर जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो, आणि संरक्षण सावरेपर्यंत त्यांचे लाखो झालेले असतात. काटा, माती, काचेचा कण, मेलेल्या ऊतीचा तुकडा हे सगळे तोच आडोसा पुरवतात. म्हणूनच जखमेवर काय लावावे यापेक्षा तिच्यातून काय काढून टाकावे, हा प्रश्न आधीचा आहे. वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम नीट धुणे हे कित्येक मलमांहून अधिक मोलाचे असते. गळू दाबून फोडू नये, यामागचे कारणही असेच आहे. पिकणाऱ्या गळवाभोवती तंतूंची आणि पेशींची एक भिंत उभी राहिलेली असते. बोटांनी दाबले की पू बाहेर येण्याऐवजी भिंत फुटून आतल्या बाजूला पसरू शकतो.

लाली तासागणिक पसरत असेल, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसत असेल, ताप भरला असेल किंवा दिसण्याच्या मानाने वेदना फारच तीव्र असेल, तर त्वचेची स्थानिक फळी अपुरी पडली आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी तर याहून लवकर जावे, कारण वाढलेल्या साखरेमुळे न्यूट्रोफिलांचे काम मंदावते आणि पायाची संवेदना कमी झाल्यामुळे ठणक्याचा इशाराही मिळेनासा होतो.

अवधाण आणि आठवण

पायाला जखम झाल्यावर जांघेत दुखरी गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ही गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी. तिथे बातमी नेणाऱ्यांमध्ये लँगरहान्स पेशी असतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या अवघ्या एकवीस वर्षांच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्वचेत फांद्या फुटलेल्या या पेशी पाहिल्या आणि त्यांना मज्जासंस्थेच्या पेशी मानले. ती चूक क्षम्य होती, कारण त्या तशाच दिसतात. प्रत्यक्षात त्या रोगप्रतिकारक पेशी आहेत. त्या आपल्या फांद्या पेशींच्या घट्ट सांध्यांमधून वर सारतात, कवच न फोडता बाहेरचे नमुने घेतात आणि ते लसीका ग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवतात. नमुना ओळखणाऱ्या पेशी तिथे झपाट्याने वाढतात, आणि त्या वाढीमुळेच ग्रंथी फुगते.

त्यांपैकी काही टी-पेशी पुढे त्वचेतच मुक्काम करतात. एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या त्वचेत सुमारे दोन हजार कोटी टी-पेशी असतात, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या टी-पेशींच्या जवळजवळ दुप्पट. पुन्हा तोच शत्रू आला तर रक्तातून कुमक येण्याची वाट न पाहता त्या जागच्या जागी कामाला लागतात.

असे असूनही स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या बाबतीत ही आठवण फार कमी उपयोगी पडते. एकदा गोवर झालेल्या माणसाला सहसा तो पुन्हा होत नाही. गळू मात्र एकाच माणसाला वर्षात तीनदाही होऊ शकते. याचे एक कारण त्या जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन-ए आहे. प्रतिपिंड (अँटीबॉडी) आपल्या टोकांनी जिवाणूला पकडते आणि शेपटीकडून पांढऱ्या पेशीला हाक मारते. प्रथिन-ए प्रतिपिंडाला शेपटीकडूनच धरून उलटे लटकवते, त्यामुळे प्रतिपिंड असूनही हाक जात नाही. या जिवाणूविरुद्धच्या अनेक लसी माणसांवरील मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचल्या आणि तिथे अपयशी ठरल्या. आजवर त्यांपैकी एकही वापरात आलेली नाही.